मुक्या पेटीची साक्ष

१

मूर्तिजापूरच्या पोलीस ठाण्याच्या आवारात ती पांढरी गाडी कडुलिंबाखाली उभी होती. तिचा उजवा दिवा फुटला होता, बॉनेट मुडपलं होतं, पुढचं चाक लंगड्या वासराच्या पायासारखं आत वळलं होतं. वारा सुटला की लिंबाची पिवळी पानं टपावर पडत, घरंगळत आणि पुन्हा उडत. नवरात्राचे दिवस होते. वाऱ्याला ठाव नव्हता, धुळीला ठाव नव्हता, आणि गाडीभोवती फिरणाऱ्या रागिणी काळमेघच्या पायांनाही नव्हता.

रागिणी अमरावतीची. विमा कंपनीसाठी मोडलेल्या गाड्या पाहायच्या आणि त्या का मोडल्या ते सांगायचं, हा तिचा धंदा. बोटात स्कूटीची किल्ली गरगर फिरवत ती चौथा फेरा घालायला निघाली, तेव्हा व्हरांड्यातून ठाणेदार बोलले.

"मॅडम, तिले प्रदक्षिणा घालून काय भेटन? पोट्ट्यानं कबूल केलं. उद्या सकाळी त्याले आत घेतो. तुमी तुमचा कागद रंगवा अन् मोकळ्या व्हा."

घडलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. अमरावतीच्या हरिहर वकिलांचा मुलगा पुष्कर परवा संध्याकाळी मावशीकडून, मूर्तिजापुरातून, कारंज्याच्या रस्त्याला लागला. गावाबाहेर पडताच एका ट्रकला मागं टाकायला गेला, समोरून बस आली आणि गाडी शेतात जाऊन आदळली. जीव वाचला, पाय मोडला. गाडी कंपनीनं दिली तशी राहिली नव्हती, हेही सर्वांना ठाऊक होतं. अशा गाडीत एक बंद पेटी असते. पायानं किती दाबलं की किती डिझेल द्यायचं, ते त्या पेटीतल्या चिपवर लिहिलेलं असतं. ते पुसून दुसरं लिहिलं की तीच गाडी निराळ्या दमानं पळते. अकोल्याच्या जठारपेठेतला गोपाल हे काम करायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पेटी तपासली आणि सांगितलं, आतलं लिखाण कंपनीचं नाही. त्यापुढं त्यांनी पाहिलं नाही. गोपाल म्हणाला, माझीच चूक.

"तुम्ही इंजिन उघडून पाहिलं?" रागिणीनं विचारलं.

"कायले? तो म्हणते न मीच."

"मी पाहिलं. सील कंपनीचंच आहे, म्हणून खोललं नाही. बारीक कॅमेरा आत सोडला." तिची किल्ली थांबली. "पेटीत चुकीचं लिहिलं तर इंजिन जळतं, साहेब. पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात, धुराड्यात काजळी साचते. हे इंजिन धुतल्या ताटासारखं आहे."

ठाणेदारांनी कान खाजवला. ती ड्रायव्हरच्या दारातून आत वाकली. स्टिअरिंगखाली एक चौकोनी तोंड असतं, तिथं वायर लावली की लॅपटॉप त्या पेटीशी बोलतो. त्या तोंडाचं झाकण निघून खाली पडलं होतं. झाकणाजवळ झेंडूच्या पाकळ्या होत्या. कडेनं वळलेल्या, पण अजून केशरी. गाडीत मात्र हार नव्हता, हाराचा दोराही नव्हता.

इंजिन म्हणत होतं, माझ्यावर अन्याय झालाच नाही. मग गोपाल कबुली कशाची देत होता?

२

ट्रकचा ड्रायव्हर देवमन स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर सापडला. बशीतला चहा फुंकत होता, पण अर्धा चहा शर्टावर सांडत होता.

"माही गाडी तं कंपनीनंच बांधून देल्ली, ताई. ऐंशीच्या वर जातच नाही. पाय फरशीले टेकवला तरी नाही. रिकामा ट्रक, मोकळा रस्ता, गाव सुटलं तसा मी वेग वाढवत चाललो होतो. हा मागून आला, बाजूले आला, तवर मी ऐंशीवर पोचलो, अन् तो तिथंच राह्यला."

"तिथंच म्हणजे?"

"माह्या दाराले दार लावून. वरातीत दोन घोडे चालतेत न, तसा. मी म्हटलं, काय बाप्पा, याले गप्पा माराच्या आहेत काय? मले त्याचं तोंड दिसत होतं. तो खाली पाह्यत होता, आपल्या पायाकडे."

"गाडी खोकली? धूर सोडला?"

"कायचा धूर? गाणं म्हटल्यावानी चालत होती. फक्त पुढं जाये नाही." त्यानं बशी खाली ठेवली. "बस दिसली तसा मी ब्रेक हाणला, त्याले जागा द्याले. त्यानंबी त्याच घडीले हाणला. दोघंबी मागं. आता मले झोप नाही येत. मी नसता हाणला तं तो माह्या मागं घुसला असता काय? सांगा तुमी."

रागिणीनं त्याच्यासाठी दुसरा चहा सांगितला आणि अकोल्याची गाडी धरली.

जठारपेठेत गोपालचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांमधली बोळ. लॅपटॉप पोलिसांनी नेला होता. टेबलावर नुसत्या वायरी पडल्या होत्या, टाकलेल्या कातीसारख्या. दारात त्याची आई पार्बताबाई फुलांची टोपली घेऊन बसली होती. मळा गावाबाहेर, विक्री इथं. टोपलीत झेंडू होता. रागिणीनं एक फूल हातात घेतलं, बोटांनी चुरलं आणि परत ठेवलं.

"नेमकं काय चुकलं?" तिनं गोपालला विचारलं.

"टायमिंग. डिझेल कवा सोडाचं ते." तो तिशीच्या आतला, सडपातळ, नजर जमिनीला खिळलेली.

"किती?"

"लय."

"इंजिनला त्याची खबर नाही. स्वच्छ आहे आतून."

"मंग माहं नशीब चुकलं असन."

"गाडीला शेवटचा हात कधी लावला?"

"पोळ्याच्या आधी. तवाच फाइल मारली होती, पेटीतलं नवं लिखाण."

"आणि पोळ्यापासून गाडी नीट पळत राहिली, परवाच बिघडली?"

गोपालनं एक वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "लिहून घ्या न मॅडम. मीच म्हणतो मी केलं, तं तुमाले काय तरास हाय?"

"त्याचाच त्रास आहे. चोर कधी एवढ्या घाईनं हात पुढे करत नाही."

टोपलीमागून पार्बताबाई बोलली. आवाज कोरडा होता, डोळे नव्हते. "उद्या नेतीन त्याले. दुकान जाईन, नाव जाईन. पोरीवाले दोन महिन्यांनी येनार होते पाहाले, तेबी जातीन. अन् हा असा बसून राह्यला. बाई, तुमी त्या वरूडवाल्याले काहून नाही विचारत? शेखरले? तो कारंज्याच्या रस्त्यानं वाट पाहत बसला होता पुष्करची. अन् त्याच्यापाशीबी तसलं मशीन आहे."

"आई, गप," गोपाल म्हणाला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यानं मान वर केली होती.

३

शेखर पुष्करला ठेवलेल्या अमरावतीच्या दवाखान्यातच भेटला, आवारात, आपल्या गाडीच्या डिकीवर बसलेला. वरूडचा संत्र्याचा व्यापारी. कारंज्याकडच्या बागा पाहायला तो तिकडं गेला होता. पुष्करच्या गाडीसारखीच त्याची गाडी, फक्त निळी. दोघं रिकाम्या रस्त्यावर शर्यती लावतात, हे अर्ध्या अमरावतीला माहीत होतं.

"मशीन दाखव," रागिणी म्हणाली.

त्यानं निमूट काढून दिलं. तळहाताएवढं, काळं.

"हे लावून तू त्याची गाडी अडवलीस?"

शेखर हसला, पण ते हसू ओठांवरच वाळलं. "मॅडम, हे फक्त वाचते. लिहीत नाही. दिवा कावून पेटला, येवढं सांगते. लिहाले गोपालच लागते. अन् मी त्या दिवशी पुष्करची गाडी पाह्यलीबी नाही. रेल्वे फाटकापाशी संत्र्याची पेटी घेऊन बसलो होतो, त्याले पह्यल्या तोड्याची संत्री खाऊ घालाले."

"शर्यत नव्हती?"

"होती. हरला असता तो." मग हळूच, "का मी हरलो असतो. दोघांच्या गाडीत एकच फाइल आहे, गोपालची. इकडची तिकडं नाही. पाहाची आहे? घ्या चावी."

रागिणीनं गाडी बाहेर काढली. बायपासवर पाय दाबला मात्र, निळी गाडी अशी उसळली की पाठ सीटला चिकटली. शंभर, मग त्याच्याही वर, आणि दम अजून शिल्लक. ती परत आली. ही फाइल निर्दोष होती. पण पुष्करच्या गाडीनं ऐंशीच्या ट्रकलासुद्धा मागं टाकलं नव्हतं.

म्हणजे पुष्करच्या पेटीत ही फाइल नव्हतीच. मध्ये कुणीतरी दुसरी लिहिली होती.

वर खोलीत पुष्कर पाय टांगून पडला होता. ओठांना कोरड पडली होती. "दाबलं की ती जाते, हे पायाला माहीत असतं, मॅडम. विचार करावा लागत नाही. त्या दिवशी दाबलं आणि… कोणीतरी मागून दोर ओढून धरल्यासारखं झालं. झटका नाही, आवाज नाही. मी पुन्हा दाबलं. मग पाहिलं, आपला पाय तिथंच आहे ना." तो छताकडे बघत राहिला. "गोपालनं असं कसं केलं? माझा दोस्त आहे तो."

बाहेरच्या बाकावर हरिहर वकील आणि त्यांची बायको विमलताई बसले होते. गाडी विमलताईंच्या नावावर होती, म्हणून रागिणीला त्यांच्याशीच बोलायचं होतं. बोलले वकील.

"सरळ प्रकरण आहे. इंजिनाची सदोष बांधणी. माझ्या तक्रारीत तसं स्पष्ट म्हटलं आहे. मी त्या मुलाला सोडणार नाही."

"वकीलसाहेब, इंजिन कधी उघडलंच नाही. त्याची बांधणी गोपालनं केली कधी?"

वकील थबकले. "हा शब्द विमलचा आहे. अपघात झाल्यापासून ती एकच घोकत होती, त्यानं बांधलीच नाही, त्यानं बांधलीच नाही. मी फक्त ते कायद्याच्या भाषेत बसवलं."

रागिणी विमलताईंकडे वळली. दर्यापूरकडच्या खेड्यातून वकिलाच्या घरात आलेली ही बाई पदराचं टोक बोटात पिळत होती, सोडत होती, पिळत होती.

"कॉलेजात होता तवा दोन वर्सं माह्या हातचं जेवला तो गोपाल," त्या म्हणाल्या. "पुष्करच्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडलं मी. अन् त्यानं मले फसवलं."

"कसं फसवलं?"

"विमल," वकील म्हणाले, "एक शब्द बोलू नकोस. साक्षीच्या वेळी बोलायचं."

विमलताईंचं तोंड मिटलं. पदराचा पीळ मात्र सुटला नाही.

४

लहानपणी भुलाबाईच्या गाण्यांनंतर डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा खेळ असायचा. रागिणी त्यात कधी हरली नव्हती. डब्याचा आवाज ऐकायचा नाही, डबा आणणारीचं तोंड पाहायचं, हे तिचं गुपित होतं. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत ती तोंडंच आठवत राहिली. घाईनं कबूल करणारं गोपालचं तोंड. मिटलेलं विमलताईंचं तोंड.

विमलताईंची बहीण शकुन अंगणात हार गुंफत बसली होती. झेंडूचा ढीग, हातात सुई, ओठांवर ओवी. अपघाताच्या दिवशी विमलताई आणि पुष्कर इथंच आले होते, आणि गाडी सकाळपासून याच अंगणात उभी होती.

"बसा न बाई. चहा मांडतो." वऱ्हाडात बाया स्वतःबद्दल असंच बोलतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

"फुलं छान आहेत. कुठली?"

"अकोल्याची. पार्बताबाईच्या मळ्यातली. त्या दिवशी गोपालच टोपलं भरून देऊन गेला, अजून पुरून राह्यले. विमलनंच फोन करून बोलावलं होतं त्याले. घट बसले होते न घरात."

रागिणीनं कप ओठांपाशीच धरला. "गोपाल इथं आला होता? अपघाताच्या दिवशी?"

"दुपारी. पुष्कर जेवून झोपला होता. गोपालनं फुलं ठेवली अन् गाडीत जाऊन बसला, मांडीवर थो लॅपटॉप घेऊन. मी म्हटलं, चहा घे. तं विमल म्हणे, काम करू दे त्याले. गाडीच्या दारापाशी उभी राहून पाहत होती नुसती. लेकराले सुई टोचतेत तवा माय कशी पाह्यते, तशी."

"काय काम करत होता?"

"मले काय समजते त्यातलं? गाडीत काही बसवाचं होतं म्हणे." शकुननं सुईत दोरा ओवला आणि अर्धवट राहिलेली ओवी उचलली. आवाज घोगरा होता, पण लयीत पक्का.

ओढाळ माझी गाय, रानोमाळ हिंडे किती
लोढणं बांध धन्या, तुटू दे माझी भीती

"ही कुठली ओवी?"

"आमच्या आईची. गोपाल गेल्यावर विमल हेच म्हणत बसली होती. हसतही होती. लय दिवसानं हसली. मी म्हटलं, काय व बाई, आज येवढी खुश?"

रागिणी उठली. चहा तसाच राहिला. तिच्या आजोळी एक तांबडी गाय होती, भिंतीवरून उड्या मारून लोकांच्या पिकात जाणारी. आजोबांनी तिच्या गळ्यात लाकडाचा ओंडका टांगला होता. चालली तर काही नाही, पळाली की तो गुडघ्यांवर आपटायचा. त्या ओंडक्याला लोढणं म्हणायचे. आणि गळ्यात लोढणं असलं की आजोबा म्हणायचे, आता गाय बांधली.

माही गाडी कंपनीनंच बांधून देल्ली, असं देवमन म्हणाला होता.

त्यानं बांधलीच नाही, असं विमलताई म्हणत होत्या.

अंगणात वारा फिरला आणि झेंडूचा ढीग विस्कटला. शकुन पाकळ्या गोळा करायला वाकली. रागिणी फाटकाबाहेर पडली होती.

५

सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात गोपाल भिंतीला टेकून उभा होता. आई सोबत होती. हरिहर वकील जबाबासाठी विमलताईंना घेऊन आले होते. ठाणेदारांनी कागद पुढे ओढला.

"साहेब, लिहिण्याआधी माझं ऐका," रागिणी म्हणाली. "गोपालनं चूक कबूल केली, पण सांगतो ती चूक झालेलीच नाही. फाइल बिघडली असती तर इंजिन जळालं असतं. शेखरच्या गाडीत गोपालचीच फाइल आहे, ती मी चालवली. वाऱ्यासारखी जाते. मग पुष्करची गाडी देवमनच्या ट्रकला का टाकू शकली नाही?"

"तेच तं म्हणतो, खराब झाली."

"खराब गाडी खोकते, धूर सोडते. ही गाणं म्हणत होती, फक्त पुढे जात नव्हती. देवमनचा ट्रक कंपनीनं ऐंशीला बांधलेला आहे. त्याच्या वर तो जात नाही. पुष्करची गाडी त्याच्या दाराला दार लावून चालत राहिली. तसूभर पुढे नाही, तसूभर मागे नाही. म्हणजे तीही ऐंशीलाच बांधलेली होती. दोन बांधलेली जनावरं शेजारी शेजारी पळत होती, साहेब. एक दुसऱ्याला टाकणार कसं?"

"मॅडम, राहू द्या," गोपाल म्हणाला.

"अपघाताच्या दिवसापर्यंत गाडी मोकळी होती. त्या दिवशी दुपारी गोपाल शकुनताईंकडे फुलं घेऊन आला आणि गाडीत बसला. त्याच्या हाताला चिकटून आलेल्या झेंडूच्या पाकळ्या अजून तिथं आहेत. पोळ्यापासून हात लावला नाही, हे खोटं."

"मी कुणाच्या सांगण्यावरून नाही केलं. माह्या मनानं केलं." त्याचा आवाज फाटला. "काकू, तुमी घरी जा. वकीलसाहेब, यांना घरी न्या न."

त्यानं 'काकू' म्हटलं नसतं तर रागिणीलाही पुढचं बोलणं जड गेलं असतं. ती विमलताईंसमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही गोपालला काय म्हणाला होतात?"

वकिलांनी हात वर केला. विमलताईंनी तो हळूच खाली केला.

"पोराच्या गाडीले लोढणं बांध म्हटलं होतं. ऐंशीच्या वर नाही गेली पायजे, अन् त्याले सांगू नोको, तुले माही शपथ आहे. त्याच्या शर्यतींच्या पायी माही झोप उडाली होती. गोपाल म्हणे, काकू, सांगूनच बांधू. मी नाही म्हटलं. सांगितलं असतं तं दुसऱ्याच दिवशी सोडवून आणली असती त्यानं." त्यांनी श्वास घेतला. "अन् ह्यानं बांधलीच नाही. बांधली असती तं गाडी इतकी पळाली असती काय? इतकी मोडली असती काय?"

गोपालनं भिंतीकडे तोंड केलं. पार्बताबाई लेकाकडे बघत राहिली, आणि आता कुठं तिला लेकाचं गप्प बसणं कळलं.

विमलताईंची नजर एकेकाच्या तोंडावरून फिरली. रागिणी, ठाणेदार, नवरा. मग गोपालच्या पाठीवर येऊन थांबली.

"गोपाल. इकडं पाह्य."

तो वळला नाही.

"बाबू, तू बांधली होती?"

"बांधली होती काकू." तो भिंतीशीच बोलला. "ऐंशीवर. तुमी म्हटलं तशीच."

विमलताई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. दोन्ही तळवे उघडून त्यांच्याकडे पाहत राहिल्या, तिथं काही लिहिलेलं असावं आणि ते वाचता येत नसावं, तशा.

"म्हणून तू गप्प होता," त्या म्हणाल्या. "मी तुले शिव्या देत होती, अन् तू ऐकून घेत होता."

"तुमी शिव्या देल्या तं झोपल्या असत्या. हे समजलं असतं तं नसत्या झोपल्या."

ठाणेदारांनी पेन खाली ठेवलं. "आता मी गुन्हा कोणाच्या नावानं लिहू?"

"जे झालं ते लिहा," विमलताई उठत म्हणाल्या. "गाडी माही. सांगितलं मी."

वकिलांनी चष्मा पुसला. त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि घसा साफ केला. "मी शब्द सांगतो. 'वाहनमालकाने वेगमर्यादक यंत्रणा बसविण्याची तोंडी सूचना…'"

"नाही." विमलताईंनी कागदावर हात ठेवला. "एकदा तुमी माह्या बोलण्याचं कायद्यात केलं, तं हा पोरगा आत जात होता. मी लोढणं म्हटलं. लोढणंच लिहा."

हरिहर वकिलांनी बायकोकडे पाहिलं. मग मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात, तिनं सांगितलं तसं आणि तेवढंच लिहिलं. खाली त्यांनी स्वतःची तक्रार चुकीची असल्याचंही लिहून दिलं, आणि सही करताना त्यांचा हात पहिल्यांदा थांबला.

रागिणीनंही आपला अहवाल तिथंच पुरा केला. पेटीतलं लिखाण बदललेलं होतं, त्यामुळे विम्याची भरपाई मिळणार नव्हती. ते तिनं विमलताईंना सरळ सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

"मॅडम, तुमी येता काय दवाखान्यात?" जाताना त्यांनी विचारलं. "पुष्करले सांगाचं आहे. गोपाल, तूबी चाल. मशीनचं तू सांग. बाकीचं मी सांगीन."

"मी नाही येत काकू. त्याच्यासमोर मले उभं राहवणार नाही."

"मलेबी नाही," विमलताई म्हणाल्या. "चाल."

६

दवाखान्याच्या खोलीत ऊन तिरपं पडलं होतं. पडदा वाऱ्यानं आत यायचा, मागं जायचा. रागिणी आणि गोपाल दाराबाहेर थांबले. आतून विमलताईंचा आवाज येत होता, सलग, न अडखळता, जात्यावर बसल्यासारखा. ओव्या नव्हत्या, पण त्याच चालीनं वाक्यं येत होती. मध्येच ती चाल तुटली.

"तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं," पुष्करचा आवाज आला.

"म्हणून तं नाही सांगितलं."

"पण मग मी ट्रकच्या बाजूला गेलोच नसतो, आई. तेवढं तर कळलं असतं मला. गाडीत दम नाही, एवढं."

खाट करकरली. पुष्कर उठायचा प्रयत्न करत असावा, किंवा विमलताई त्याच्याजवळ सरकल्या असाव्यात.

"गोपाल बाहेर आहे ना? त्याची चप्पल दिसते दारातून. आत ये म्हणावं."

गोपाल आत गेला. उंबऱ्यातच थांबला. प्लास्टरकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा प्लास्टरकडे. पुष्कर त्याच्याकडे पाहत होता. त्या नजरेत राग होता, आणि दोन वर्षं एका पंक्तीला जेवलेल्या माणसाची ओळखही होती.

"काकूंनी शपथ घातली होती," गोपाल म्हणाला.

"मला एक फोन करायचा होतास, लेका. दुपारीच. पाच वाजता मी निघालो. त्याच्या आधी. फक्त म्हणायचं होतं, पुष्कर, आज दाबू नको."

गोपालनं खुर्ची ओढली नाही. तो खाटेच्या पायथ्याशी जमिनीवरच बसला, आणि खूप वेळ तिथून उठला नाही.